शेवटचा स्वल्पविराम

तार्तूमध्ये मार्च म्हणजे
नदीवरच्या बर्फाचं अजून नक्की नाही
फुटायचं की नाही,
आणि आम्ही सात जण तळघरात बसून ठरवतोय
कुठल्या आवृत्तीपर्यंत मागे जायचं.

हीटर एकाच बाजूला तापतो.
पिर्गिटने कोट काढलाय, हेल्दुरने मफलर दुहेरी गुंडाळलाय.
फळ्यावर आकडे: सात पॉइंट दोन, सात पॉइंट तीन, आठ.
मध्ये कुठेतरी एक आडवी रेघ मारायची.
रेघेच्या वरचे आपले.
खालच्यांना काय म्हणायचं ते सुचेना,
इतिवृत्तात मी तिथे कोरी जागा सोडली.

भांडण तसं क्षुल्लक.
फंक्शनला हाक मारताना कंसात जी यादी देतो,
तिच्यातल्या शेवटच्या नावानंतरही
स्वल्पविराम द्यावा, असा नवा नियम.
म्हणजे उद्या कुणी आलं तर
जुन्या ओळीला हात लावावा लागत नाही;
पंगतीच्या टोकाला एक पान जास्तीचं मांडून ठेवावं, तसं.
पण सात पॉइंट दोनला ते पान दिसतच नाही.
ती तिथेच अडते,
ओळीचा क्रमांक सांगते
आणि तोंड मिटून बसते.

हेल्दुर म्हणाला, सोडा तिला.
जिची भोकं बुजवायला आता कुणी येत नाही
तिच्यात लोकांना राहू देणं ही माया नव्हे.
पिर्गिट म्हणाली, तीन टक्के आहेत अजून.
हेल्दुर म्हणाला, तीनच.
ती म्हणाली, टक्क्यांना पत्ता नसतो म्हणून तुला सोपं जातंय.

एकाला होता.
दूरच्या एका बेटावरचं फेरीबोटीचं तिकीटघर.
मी आठवड्यापूर्वी तिथे लिहिलं होतं,
आणि मतं तीन-तीन झाली, माझं राहिलं,
तेव्हाच उत्तर आलं. एंड्ला नावाच्या बाईंचं:

मशीन टेबलाखाली आहे, ऊब असते म्हणून मांजर त्यावर झोपतं.
यूलोने बसवलं होतं. यूलो आता चर्चमागे आहे.
त्याच्या ओळी मला वाचता येतात, बदलायचं धाडस होत नाही,
सकाळी सहाला बोट सुटते.
तुमचा नियम म्हणून काही असतो हे ठाऊक नव्हतं.
शोधलं तर कळलं, यूलोने काम लावून ठेवलंय:
रोज रात्री दोन वाजता ते तुमचा नियम उतरवून घेतं,
त्याच्या ओळी तपासतं, निकाल एका फाइलीत लिहितं.
फाइल मी आज पहिल्यांदा उघडली.
तो गेल्यापासूनच्या अकराशे रात्री.
चूक एकही नाही.

मी हे वाचून दाखवलं नाही.
का, ते आजही धड सांगता येणार नाही.
वाचलं असतं तर पिर्गिट जिंकली असती,
एका मेलेल्या माणसाच्या नीटनेटकेपणावर,
आणि हेल्दुरचं म्हणणं तरीही खरंच राहिलं असतं.
मी हात वर केला. रेघ सात पॉइंट तीनच्या खाली पडली.
खडू मोडला, एवढंच.

नवा नियम सोमवारी बाहेर पडला.
बुधवारी एंड्लाबाईंचं पत्र:

काल रात्री दोनला एक्केचाळीस चुका.
सगळ्या स्वल्पविरामाच्या.
आधी घाबरले, मग लक्षात आलं, बोट तर सुटली,
चुका फक्त फाइलीत आहेत.
मे महिन्यात बर्फ गेला की मुलगा नवीन मशीन आणेल.
तोवर सकाळी चहाबरोबर फाइल वाचते.
एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, रोज त्याच.
इतकी वर्षं इथे कुणी मला काही चुकलंय म्हणून सांगितलं नव्हतं.
एक विचारायचं होतं,
तो शेवटचा स्वल्पविराम दिल्यावर
त्याच्यापुढे काय लिहायचं असतं?

काही नाही, असं लिहून मी पाठवणार होतो.
पत्र अजून मसुद्यातच आहे.
इतिवृत्तातली ती जागाही कोरीच राहिली,
आणि कुणी हरकत न घेता ते मंजूर झालं,